कारवीची भावकी

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुडाची घरं अजून उभी आहेत. मेढी रोवून झाल्या की मधल्या मोकळ्या जागेत कारवीच्या काठ्या एकीला एक लागून उभ्या करायच्या, आडव्या काठ्यांनी आवळून बांधायच्या आणि वर दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. भिंत वाळली की तिच्यावर गेरूचा हात फिरतो. घरात लग्न निघालं की तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक लिहिला जातो. वारली चित्रकला म्हणून जग जिला ओळखतं, ती कागदावर आणि कापडावर यायच्या आधी याच भिंतीवर होती. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राचं कौतुक खूप झालं, व्हायलाच हवं होतं. चित्रामागच्या काठीकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष गेलं.

ही काठी ज्या झुडपाची, त्याची वनस्पतिशास्त्रातली कहाणी विलक्षण आहे. गेल्या 200 वर्षांत त्याच्या वंशाची कधी फाळणी झाली, कधी एकत्रीकरण झालं. एका शास्त्रज्ञाने त्याचे पन्नासहून अधिक तुकडे केले आणि साठ वर्षांनी दुसऱ्यांनी ते पुन्हा एकत्र जोडले. या वादाचं एक कारण असं, की ज्या फुलावरून वनस्पती ओळखायची ते फूल इथे वर्षानुवर्षं उमलतच नाही.

जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्यात तिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ या बाजूला गेलं की पठाराच्या कडा तुटतात आणि खाली वैतरणेकडे, पिंजाळकडे, वाघ नदीकडे ओहळ धावतात. साग, ऐन, मोह, हिरडा यांच्या सावलीत आणि उघड्या उतारांवरही कारवीची दाटी असते. ती एकटीदुकटी क्वचितच दिसते. एक अख्खा उतार तिचाच असतो, माणसाला आत शिरता येऊ नये इतका गच्च. पहिल्या पावसाने तिला खरखरीत, कातरलेल्या कडांची हिरवी पानं फुटतात. पावसाळा सरला की पानं वाळतात, झडतात आणि उरतात निव्वळ काठ्या. नवख्याला वाटावं की रान मेलं. पुढच्या जूनमध्ये त्याच काठ्या पुन्हा हिरव्या होतात. हे चक्र वर्षामागून वर्षं चालतं. झुडूप दीड-दोन पुरुष उंच होतं, खोड सरळ आणि टणक होतं, त्याच्यावर बारीक गाठीगाठी येतात. तरी फूल नाही.

मग एका वर्षी, ऑगस्टच्या उत्तरार्धात, सगळा उतार एकदम फुलतो. जांभळट निळी, नरसाळ्याच्या आकाराची फुलं, केसाळ चिकट कणसांतून बाहेर आलेली. सप्टेंबरात रंग भरात येतो. मधमाशा अहोरात्र म्हणाव्या इतक्या कामाला लागतात आणि त्या वर्षीचा कारवीचा मध दाट, गडद आणि दुर्मीळ म्हणून ओळखला जातो. फुलोरा ओसरल्यावर बोंडं धरतात आणि झुडूप मरतं. एकदाच फुलायचं आणि संपायचं, तेही सगळ्यांनी मिळून, असा या वनस्पतीचा जीवनक्रम आहे.

कारवी सात वर्षांनी फुलते की आठ, यावर गावोगाव वाद ऐकू येतो. दोन्ही बाजू बरोबर आहेत. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी 2008 मध्ये फुलली, मग 2016 मध्ये, मग 2024 मध्ये. दोन फुलोऱ्यांतलं अंतर आठ वर्षांचं. पण 2008 च्या फुलांचं बी जमिनीवर पडलं ते 2009 च्या पावसाळ्यात, कारण बोंडं वाळून फांदीवरच उन्हाळा काढतात. पहिल्या पावसाचं पाणी लागलं की ती फुगून तडकतात आणि बी दूर उडवतात. ज्यांनी तो उतार त्या दिवशी ऐकला आहे, ते सांगतात की सगळीकडून तडतड चालू असते. म्हणजे 2009 च्या पावसात जन्मलेलं रोप 2016 मध्ये सात वर्षांचं झालं आणि आपला आठवा पावसाळा पाहताना फुललं. वय मोजणारा सात म्हणतो, फुलोरे मोजणारा आठ.

एकाच पावसात जन्मलेली सगळी रोपं एकाच वयाची, म्हणून ती एकत्र फुलतात. आणि म्हणूनच सगळ्या सह्याद्रीची कारवी एकाच वर्षी फुलत नाही. एका डोंगराची पिढी एका सालची, पलीकडच्या दरीतली दुसऱ्या सालची. शिवाय कुठल्याही वर्षी एखाद-दुसरं झुडूप कळप सोडून फुललेलं दिसतं. त्यामुळे ‘यंदा कारवीचं वर्ष आहे’ हे वाक्य कुठल्या डोंगराविषयी आहे, हे सांगितल्याशिवाय अपुरं राहतं.

इतकी वर्षं थांबण्याचा फायदा काय? अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी 1976 मध्ये बांबूच्या सामूहिक फुलोऱ्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा: दरवर्षी थोडं थोडं बी आलं तर उंदीर, पाखरं, किडे ते सगळं फस्त करतात. वर्षानुवर्षं काहीच आलं नाही तर त्या बियांवर जगणाऱ्यांची संख्या मर्यादित राहते. मग अचानक एकदम इतकं बी आलं, की खाणारे कितीही खाल्लं तरी पुरे पडत नाहीत आणि उरलेलं रुजतं. बांबूसाठी मांडलेला हा तर्क कारवीच्या वंशालाही लावला जातो, कारण या वंशातल्या अनेक जातींची रीत हीच आहे. निलगिरी आणि मुन्नारची नीलकुरिंजी 12 वर्षांनी फुलते: 1994, 2006, 2018. ती कारवीची सख्खी नातलग.

हे नातं कसं ठरलं, ती गोष्ट जावा बेटापासून सुरू होते.

1826 मध्ये कार्ल लुडविग ब्लूम या डच सरकारच्या सेवेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने जावामधल्या काही झुडपांसाठी नवा वंश स्थापन केला आणि त्याला स्ट्रोबिलँथिस हे नाव दिलं. कणसासारखा दाट फुलोरा असलेल्यांचा हा वंश. कुल अ‍ॅकँथेसी, म्हणजे आपल्या अडुळशाचं. अबोली, कोरांटी, तालिमखाना हीही त्याच कुलातली मंडळी. सहा वर्षांनी, 1832 मध्ये, कारवीची नोंद झाली. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातून वाळवलेल्या नमुन्यांचा प्रचंड साठा जमवला होता आणि तो युरोपातल्या तज्ज्ञांना वाटून दिला होता. अडुळशाचं कुल आलं क्रिस्टियान नीस फॉन एझेनबेक यांच्याकडे. या जर्मन विद्वानाने भारतात पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांनी वॉलिक यांच्या ग्रंथात कारवीला स्ट्रोबिलँथिस कॅलोसा हे नाव दिलं.

नीस हे काम मन लावून करणारे होते आणि त्यांना एक गोष्ट लवकरच खटकली. स्ट्रोबिलँथिस म्हणून जे काही येत होतं ते एकसारखं नव्हतं. कुठे फुलात दोन पुंकेसर, कुठे चार. कुठे फुलं गोल गुच्छात, कुठे लांब कणसात, कुठे विरळ फांद्यांवर. त्यांनी गोल्डफुसिया, एंडोपोगॉन, हेमिग्राफिस असे वेगवेगळे वंश काढले. पुढे 1880 च्या दशकात, हूकरच्या ब्रिटिश भारताच्या वनस्पतिसूचीसाठी हे कुल हाताळताना चार्ल्स बॅरन क्लार्क यांनी त्यांतले बरेचसे पुन्हा स्ट्रोबिलँथिसमध्ये सामावून घेतले. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ काढला, त्यातही कारवी स्ट्रोबिलँथिसच होती. वंश मोठा झाला आणि विस्कळीतही. त्याला कुणीतरी हात घालणं भागच होतं.

तो हात घातला कॉर्नेलिस ब्रेमेकांप यांनी. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, 1944 मध्ये, या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने तीनशे पानांचा प्रबंध छापला. त्यांची पद्धत नवी होती. बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर न थांबता ते परागकणांकडे गेले. या गटातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की थक्क व्हायला होतं: काही गोल आणि काटेरी, काही लांबट आणि उभ्या कण्यांचे, काही जाळीदार. इतकी विविधता एका वंशात क्वचितच सापडते. ब्रेमेकांप यांनी पराग, फुलोरा, पुंकेसर, बियांवरचे केस यांचा मेळ घातला आणि निष्कर्ष काढला की हा एक वंश नाहीच. त्यांनी त्याचे पन्नासहून अधिक वंश केले.

या फाळणीत कारवीला स्वतःचं स्वतंत्र घर मिळालं. तिच्या मराठी नावावरूनच त्यांनी कार्विया हा वंश स्थापन केला, आणि त्यात एकच जात: कार्विया कॅलोसा. सह्याद्रीतल्या तिच्या नातलगांचीही अशीच पांगापांग झाली. चिकट, सुगंधी गोंड्यांची वायटी गेली थेलेपेपाले या वंशात. कासच्या पठारावर टोपल्या पालथ्या घातल्यासारखी गोल दिसणारी टोपली कारवी गेली प्लिओकॉलसमध्ये. आकरा गेली निलगिरिअँथसमध्ये, आणि नीलकुरिंजी फ्लेबोफायलममध्ये. पुढे 1970 च्या सुमारास भारतीय अभ्यासकांकडून आणखी एका वंशाची भर पडली. त्याचं नाव सुपुष्पा, चक्क संस्कृत. ब्रेमेकांप यांची मांडणी भारतात चांगलीच रुजली आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ पुस्तकांत व फुलांच्या याद्यांत कारवी अजूनही कार्विया म्हणूनच छापली जाते.

एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. वंश बदलला तरी ‘कॅलोसा’ हा दुसरा शब्द बदलला नाही. वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम तसेच आहेत: जातीला पहिल्यांदा रीतसर दिलेलं नाव शक्यतो टिकतं, ती ज्या वंशात जाईल त्याचं नाव पुढे लागतं. आणि वंश एकत्र केले तर त्यांतलं सर्वांत जुनं नाव उरतं. ब्लूमचं 1826 चं नाव सगळ्यांत जुनं असल्यामुळे, एकत्रीकरण झालंच तर स्ट्रोबिलँथिसच राहणार, हे ठरलेलं होतं.

एकत्रीकरणाची हवा 1980 नंतर वाहू लागली. हिमालयातल्या, विशेषतः भूतानच्या जातींवर काम करताना जॉन वूड यांना ब्रेमेकांप यांचे वंश प्रत्यक्षात वेगळे काढता येईनात. एका खुणेने दोन जाती एकत्र येत, दुसऱ्या खुणेने त्याच दोन वेगळ्या होत. वूड यांनी 1994 मध्ये पुन्हा विस्तृत स्ट्रोबिलँथिसच वापरला. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या जातींचे परागकण तपासणाऱ्या मार्क कॅरीन आणि रॉबर्ट स्कॉटलंड यांनाही तोच अनुभव आला. 2002 मध्ये त्यांनी या गटावर जो निबंध छापला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी विचारलं होतं की आपण वर्गीकरण न होण्यासारख्या गोष्टीचं वर्गीकरण करू पाहतो आहोत का. शास्त्रीय नियतकालिकात असा प्रश्न उघडपणे विचारायला धीर लागतो.

मग डीएनए आला. 2004 मध्ये मॉयलन, कॅरीन, स्कॉटलंड आणि सहकाऱ्यांनी या गटातल्या अनेक जातींच्या पेशीकेंद्रातले आणि हरितलवकांतले डीएनएचे तुकडे वाचले आणि बाह्य खुणांशी ताडून वंशवृक्ष मांडला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली, हा सगळा मोठा गट खरोखरच एका पूर्वजापासून आलेला आहे. दुसरी, त्याच्या आत ब्रेमेकांप यांनी आखलेल्या बहुतेक सीमा पूर्वजांच्या रेषांशी जुळत नाहीत.

हे भावकीसारखं आहे. चेहरेपट्टी पाहून कुणी ठरवलं की हे चुलत आणि ते सख्खे, तर दोन-चार ठिकाणी बरोबर येईल आणि बाकी ठिकाणी फसेल, कारण आजोबांचं नाक एका नातवात उतरतं आणि दुसऱ्यात उतरत नाही. वंशावळ काढायची तर कोण कुणाच्या पोटी आलं, तेच पाहावं लागतं. परागकणांवरचे काटे या गटात निरनिराळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा उगवले किंवा नाहीसे झाले. दोन पुंकेसर असलेल्या जाती एकाच पूर्वजाच्या नव्हेत. उलट या सगळ्यांना बांधणारी खूण फुलाच्या आत, सहज न दिसणाऱ्या जागी निघाली. पुंकेसरांच्या तळाशी एक पातळ पडदा फुलाच्या नळीचे दोन कप्पे करतो, आणि पाकळीच्या आतल्या बाजूला केसांच्या दोन रांगा असतात, त्या परागवाहिनीला जागच्या जागी धरून ठेवतात. कारवीचं फूल उभं चिरून हातभिंगाखाली धरलं तर या रांगा दिसतात. एकदा पाहाव्यातच अशा आहेत.

आता बहुतेक अभ्यासक विस्तृत स्ट्रोबिलँथिसच मानतात. त्यात चारशेहून अधिक जाती येतात आणि अ‍ॅकँथेसी कुलात जस्टिसिया, म्हणजे अडुळशाच्या वंशाखालोखाल तो दुसरा मोठा वंश ठरतो. भारतात त्याच्या सुमारे दीडशे जाती आहेत. द्वीपकल्पीय भारतातल्या जातींचा आढावा भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाच्या पी. वेणू यांनी 2006 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि त्यांनीही ब्रेमेकांप यांच्या वंशांऐवजी स्ट्रोबिलँथिसच वापरला. कुंड्यांत लावतात ती जांभळट चमकत्या पानांची ‘पर्शियन शील्ड’ याच वंशाची. ईशान्य भारतापासून ओकिनावापर्यंत निळा रंग देणारी स्ट्रोबिलँथिस कुसिया याच वंशाची. आणि नर्सरीत हेमिग्राफिस म्हणून मिळणारी, तांबूस पानांची पसरणारी शोभेची वनस्पतीही आता इथेच आली.

नावांचा हा खेळ केवळ ग्रंथालयात राहत नाही. केरळातल्या आयुर्वेदात सहचर म्हणून जे मूळ वापरतात आणि ज्यापासून सहचरादि तेल काढतात, ते स्ट्रोबिलँथिस सिलिआटा या वनस्पतीचं. तीच कागदोपत्री निलगिरिअँथस सिलिआटस म्हणूनही येते. उत्तरेकडे आणि महाराष्ट्रात मात्र सहचर म्हणून बहुधा कोरांटी घेतात, जिचा वंश वेगळा, कुल तेवढं एक. औषधासाठी मुळं विकत घेणाऱ्याला ही दोन-तीन नावं आणि दोन वनस्पती यांतला गुंता सोडवावाच लागतो, नाहीतर एकाची मुळं दुसऱ्याच्या नावाने उपटली जातात.

ब्रेमेकांप चुकले, असं म्हणून पुढे जाणं अन्यायाचं होईल. त्यांनी परागकणांकडे पाहायला लावलं नसतं तर या वंशाची खरी विविधता कुणाला कळलीही नसती. त्यांची खरी अडचण वेगळी होती आणि ती आजही संपलेली नाही. ते युरोपात बसून वाळवलेल्या नमुन्यांवर काम करत होते. आठ किंवा बारा वर्षांनी फुलणाऱ्या झुडपाचा फुलासकट नमुना कुणाच्या हाती लागणार? वनस्पती गोळा करणारा अधिकारी त्या डोंगरावर त्याच वर्षी, त्याच दोन महिन्यांत, भर पावसात पोचला तरच. आणि फूल मिळालं तरी बोंड आणि बी मिळवायला पुढच्या उन्हाळ्यात परत जावं लागणार. त्यामुळे संग्रहालयांत या वंशाच्या कितीतरी जातींची पानं, काड्या आहेत आणि फुलं-बोंडं अपुरी. वर्गीकरण मुख्यतः फुलावर उभं असतं, आणि इथे फुलाचाच दुष्काळ.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर संग्रहालयाचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांना ही अडचण नीट कळली होती. 1951 मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या अ‍ॅकँथेसी कुलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात स्ट्रोबिलँथिस आणि बांबूच्या सामूहिक फुलोऱ्याविषयी लेखन केलं. खंडाळ्याच्या डोंगरांत ते वर्षानुवर्षं पायी फिरत. एकाच उतारावर पुन्हा पुन्हा जाणं, हीच या वंशाच्या अभ्यासाची पहिली अट आहे, आणि परदेशातल्या विद्वानांना नेमकं तेच शक्य नव्हतं.

जव्हार-मोखाड्यात ते शक्य आहे. इथली माणसं कारवीकडे फुलासाठी जात नाहीत. ती तिला काठीवरून, पानाच्या खरखरीवरून ओळखतात, आणि फूल नसलेल्या सात वर्षांत ओळखण्यासाठी हेच उपयोगी पडतं. कुड बांधायला, मांडवाला, वेलांना आधार द्यायला, कुंपणाला कारवी लागते. ज्याला दर काही वर्षांनी काठ्या तोडायला जावं लागतं, त्याला कुठला उतार केव्हा फुलला आणि केव्हा वाळला, हे ठाऊक असतं, कारण फुलून गेलेल्या उतारावर पुढे काही वर्षं तोडण्याजोगी काठीच मिळत नाही. नुसती इवली रोपं असतात. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरांतल्या जुन्या माणसांच्या आठवणी या अर्थाने फुलोऱ्याच्या नोंदी आहेत. लेकीचं लग्न झालं त्या साली, धाकट्याचा जन्म झाला त्या साली, अशा खुणांवरून साल काढता येतं.

आणि ती माणसं आता कमी होत चालली आहेत. कुडाच्या जागी विटा आणि सिमेंट आलं, वर पत्रे आले. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. ज्याला दरवर्षी भिंत लिंपावी लागत होती आणि पावसाळ्यात ओल सोसावी लागत होती, त्याने पक्कं घर बांधलं तर बरंच झालं. पण काठीची गरज संपली की त्या उतारावर जाणंही संपतं आणि कारवी केव्हा फुलली याची आठवण ठेवायला कारण उरत नाही. हे ज्ञान लिहून घ्यायचं असेल तर या दहा-वीस वर्षांतच.

जपायची गोष्ट आणखी एक आहे, आणि ती झुडपाच्या रीतीतूनच निघते. फुलोऱ्याच्या वर्षानंतरचा उन्हाळा कारवीसाठी सगळ्यांत नाजूक. सगळी पिढी मेलेली, काठ्या खडखडीत वाळलेल्या, आणि पुढची सगळी पिढी बोंडांच्या रूपाने त्याच काठ्यांवर लटकलेली. फेब्रुवारी ते मे या वणव्यांच्या दिवसांत त्या उताराला आग लागली, किंवा वाळलेल्या काठ्या जळणासाठी बोंडांसकट उतरल्या, तर आठ वर्षांची जमा एका दुपारी जाते. जुनी झाडं मेलेली असल्यामुळे पुन्हा फुटायला काहीच उरत नाही. इतर कुठल्याही वर्षी काठी तोडली तरी रानाची तितकी हानी होत नाही. जूनचे पहिले जोरदार पाऊस होऊन बोंडं तडकली, की मग त्याच वाळक्या काठ्या खुशाल आणाव्यात. तीव्र उतारांवर कारवीची दाटी माती धरून ठेवते, आणि तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात ती नसणं म्हणजे ओढ्यात माती जाणं.

नोंद ठेवायला मोठं शिक्षण लागत नाही. पाडा आणि उताराचं नाव, साल, पहिलं फूल दिसलं तो आठवडा, सगळा उतार फुलला की तुरळक झुडपं, बोंडं केव्हा तडकली. शक्य असेल तर फुलाची एक डहाळी आणि पुढच्या वर्षी बोंडाची एक डहाळी कागदात दाबून वाळवलेली. अशा डहाळ्या मुंबईच्या ब्लॅटर संग्रहालयात किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात ठिकाण आणि तारखेसह पोचल्या, तर ज्या फुलांसाठी शास्त्रज्ञ 200 वर्षं अडून बसले ती फुलं त्यांच्या टेबलावर येतील. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगडच्या शाळांतून आज पाचवीत असलेल्या मुलांनी आपल्या पाड्यामागचा एक उतार निवडला, तर शाळा संपेपर्यंत तिथल्या कारवीचं बहुतेक सगळं चक्र त्यांच्या वहीत उतरेल. मुंबईतल्या कारवीची पुढची पाळी 2032 मध्ये आहे. जव्हारच्या दाभोसा धबधब्याच्या दरीची, सूर्यमाळच्या कड्यांची, देवबांधच्या रानाची पाळी कुठल्या साली येते, ते वेगवेगळं लिहिलं जायला हवं.